तिसऱ्या वेधाची वेळ

माघ अर्धा सरला की मला घरात बसवत नाही. नगरमधल्या सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. कडब्यानं ठासून भरलेला एखादा टेम्पो त्यावरून जातो, वरच्या पेंढ्या झाडाच्या फांदीला घासतात आणि चार वाळकी पानं रस्त्यावर पडतात. एवढंच होतं, पण तेवढ्यानं माझं बिनसतं. वर्तमानपत्र अर्धं वाचून टाकतो, समोरचा चहा थंड होऊ देतो, चपला घालून जिना उतरतो आणि कुठं जायचं ते न सुचल्यानं परत चढतो. सूनबाई फोनवर माहेरी सांगते, "बाबांना माघ लागलाय." तिला वाटतं, थंडी जाताना म्हाताऱ्यांना होतं तसलं काहीतरी असेल. मीही तसंच म्हणतो. चव्वेचाळीस सालच्या सुगीचा त्रास मला अजून होतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मी जन्मभर लघुग्रहांच्या कक्षा काढल्या. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला अमुक एक दगड अमुक दिवशी आकाशात कुठं दिसेल हे गणितानं सांगायचं, हा माझा धंदा. लोकांना वाटतं हा माणूस रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. आमच्या सासऱ्यांनी तर लग्नाआधी तशी चौकशीच केली होती. प्रत्यक्षात माझं आयुष्य दिवसाउजेडी गेलं, टेबलाशी, कागद आणि आकडे यांच्या संगतीत. पाहुण्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न असतो, "मग तुम्ही कोणता ग्रह शोधला?" एकही नाही. दुसऱ्यांनी शोधलेले हरवू नयेत एवढंच मी पाहिलं.

लघुग्रह हरवतो म्हणजे काय, हे समजावून सांगताना मी फार रंगून जातो असं घरचे म्हणतात. तो काही महिने दिसतो, मग सूर्याच्या उजेडात बुडतो. पुन्हा वर येईल तेव्हा कुठं बघायचं ते आधीच काढून ठेवावं लागतं. त्या गणितात चूक झाली की संपलं. तो बिचारा आपल्या वाटेनं नेमका चाललेला असतो आणि आपण भलतीकडं डोळे फाडून बघत बसतो. अशा वेळी हरवलेला कोण, हे एकदा ठरवायला हवं.

सखारामची आणि माझी ओळख नगरच्या कॉलेजात झाली. मी नेवाशाच्या भिक्षुकाचा मुलगा, तो नेवाशापासून दोन कोसांवरच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा. गणिताच्या वर्गात आम्ही दोघेच शेवटपर्यंत टिकलो. आमचे खांबेटे सर गणित शिकवत आणि कॉलेजच्या गच्चीवर स्वतःच्या पैशानं घेतलेली एक छोटी दुर्बीण सांभाळत. लढाईमुळे लघुग्रहांची वार्षिक कोष्टकं परदेशातून यायची बंद झाली होती. सरांनी ठरवलं, एक लघुग्रह आपणच धरायचा, त्याचे तीन वेध घ्यायचे, त्यावरून कक्षा काढायची आणि चैत्रात तो कुठं असेल ते आपल्या गणितानं सांगायचं. गच्चीवरून त्या जागी दुर्बीण लावायची आणि तो तिथं असला पाहिजे. आज हे काम यंत्र चुटकीसरशी करतं. तेव्हा सात आकडी लॉगची पुस्तकं घेऊन दोन माणसांना आठवडे लागत.

सरांचा एक नेम होता. गणित दोघांनी करायचं, वेगवेगळं, एकमेकांचा कागद न बघता. शेवटी दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एक आकडा एकानं मोठ्यानं वाचायचा, पुढचा दुसऱ्यानं. "समोरासमोर बसू नका," सर म्हणत. "डोळ्याला डोळा भिडला की माणसं आकडे जुळवून घेतात." एखादा आकडा जुळला नाही तर दोघांनी मुळापासून कारण शोधायचं, आणि ते सरांना लिहून द्यायचं. न जुळणं हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता. न सांगणं हा होता.

यात एक गोष्ट होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. दक्षिणेतल्या एका वेधशाळेत गणकाची एक जागा निघणार होती. तिथं सरांच्या शब्दाला वजन होतं. ते पत्र देणार होते, पण एकालाच. सखाराम एकदा गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाला होता, "वामन, मला जिमीन आवडती. पन जलमभर तीच बगायची म्हनलं की जीव घाबरा हुतो." माझाही जीव घाबरा होत होता, वडलांच्या मागून ताम्हण-पळी घेऊन घाटावर जायच्या विचारानं.

सुगी आली आणि सखारामच्या वडलांना हिवतापानं पाडलं. त्याला घरी जावं लागलं. लॉगची पुस्तकं एकुलती एक होती, त्यामुळं गणित करायचं तर दोघांनी एका ठिकाणी असणं भाग होतं. म्हणून मी पुस्तकं पिशवीत घालून त्याच्या गावी राहायला गेलो. कुणब्याघरी जेवणार म्हणून आमच्या वडलांनी, नानांनी, चार दिवस माझी चौकशी केली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, की निदान संध्या चुकवू नकोस. मी ती पहिल्याच दिवशी चुकवली होती.

त्या खळ्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. शेणानं सारवलेली जमीन, मधोमध रोवलेला तिवडा, म्हणजे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो लाकडी खांब, आणि पसरलेल्या कणसांवरून गोल फिरणारे चार बैल. ज्वारीची कुसं मानेत शिरत, शर्टात शिरत, लॉगच्या पुस्तकाच्या पानांतही शिरत. सकाळी पुस्तकं सखारामकडे, तेव्हा मी बैलांमागं. दुपारी पुस्तकं माझ्याकडे, तेव्हा तो. मी बैलांमागं काय दिवे लावत होतो ते बैलांनाच ठाऊक. सखारामची आई, बायजामावशी, कणसं खुडता खुडता हसायची. "भटाच्या लेकरा, तू बैल हाकतोयास का बैल तुला?"

एकदा तिनं विचारलं, हे रोज काय लिहिता? सखारामनं सांगितलं, आभाळात एक दगड आहे, तो कुठं जातो ते काढतोय. मावशीनं विळा खाली ठेवला. "रानातलं दगडं येचून येचून माजा जलम गेला, आन तुमी आभाळातलं दगूड हुडकताय व्हय? हुडकून काय करायचं त्याचं?"

"काय न्हाई. फकस्त कुटं हाय ते बगायचं."

"मग बरं हाय," मावशी म्हणाली. "उचलायचं तर न्हाई."

बैलांची पात फिरताना आतला म्हातारा बैल जागच्या जागी वळत असे आणि कडेच्या तरण्या खोंडाला दुडक्या चालीनं धावावं लागे. सखाराम म्हणाला, सूर्याचं खळं उलटं आहे. तिथं आतला पळतो, कडेचा रमतगमत येतो. पुढं किती वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देत आलो. ते सखारामचं आहे हे कधी सांगितलं नाही. बारीकसारीक गोष्ट, पण आता मोजायला बसलोच आहे तर तीही सांगून टाकावी.

आता घड्याळाचं सांगायला हवं. लढाईसाठी सरकारनं देशभरची घड्याळं एक तास पुढं ढकलली होती. त्याला लोक नवा टाइम म्हणत. कचेरी, कॉलेज, रेल्वे सगळं नव्या टायमावर. आमचे नाना मात्र जुन्यावर. "सूर्य काय व्हाइसरॉयला विचारून उगवतो?" असं म्हणून त्यांनी आपल्या खिशातल्या घड्याळाचा काटा हलवायचं साफ नाकारलं. आमच्या घरी मुहूर्त जुन्या टायमानं आणि शाळा नव्या टायमानं, त्यामुळं आम्हा भावंडांच्या डोक्यात दोन्ही वेळा एकदमच चालत. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा परीक्षेसाठी म्हणून नानांनी ते घड्याळ माझ्या हाती दिलं. द्यायच्या आधी बजावलं, रोज एकाच वेळी चावी दे आणि काट्याला हात लावू नकोस.

तिसरा वेध मी एकट्यानं घेतला. सरांना बरं नव्हतं, त्यांच्या घड्याळाची स्प्रिंग तुटलेली होती आणि सखाराम गावी होता. दुपारीच पोस्टात जाऊन मी नानांच्या घड्याळाचा मिनिटकाटा तिथल्या घड्याळाशी ताडून आलो. मिनिट बरोबर होतं, सेकंदही बरोबर होते, मला फार समाधान वाटलं. तासाकडं मी बघितलंच नाही, कारण तास हा आमच्या घरी नेहमीच वादाचा विषय. संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. ताऱ्यांच्या संदर्भानं त्या ठिपक्याची जागा नोंदली आणि वहीत वेळ लिहिली, आठ वाजून बारा मिनिटं. जुने की नवे, ते लिहिलं नाही. खाली उतरून खाणावळीत गेलो तर दार बंद. खाणावळ रात्री नऊला बंद होत असे, नव्या टायमाच्या नऊला. खोलीवर घरच्या तिळाच्या चार वड्या होत्या, त्या खाऊन झोपलो.

हे मी एवढं तपशिलानं सांगतोय, कारण ते बंद दारच सगळ्याच्या मुळाशी आहे.

अकराव्या दिवशी आम्हा दोघांचं गणित पुरं झालं. खळ्याच्या कडेला कडब्याच्या गंजीच्या सावलीत आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. त्यानं पहिला आकडा वाचला, माझ्याकडं तो नव्हता. मी दुसरा वाचला, त्याच्याकडं नव्हता. कक्षाच वेगळी होती. उलटे चालत चालत आम्ही पहिल्या पानावर आलो आणि तिथं सापडलं. तिसऱ्या वेधाची वेळ त्यानं जुन्या टायमाची धरली होती, मी नव्या.

सखाराम वळला नाही. पाठ तशीच ठेवून म्हणाला, "वामन, ते घड्याळ नानांचं हुतं ना? मग जुनाच टाइम की."

मला खाणावळीचं दार आठवलं. अगदी स्पष्ट, कडीसकट. नव्या टायमाचे आठ-बारा असते तर ते उघडं असतं. आणि त्याच वेळी बाकी सगळंही दिसलं. तो बरोबर असेल तर माझे अकरा दिवस पाण्यात. चूक माझी, वेध माझा, वही माझी. नेमाप्रमाणं हे सगळं सरांना लिहून द्यायचं, आणि पत्र देताना ते कागद सरांच्या पुढ्यात असणार. मी म्हणालो, "नाही. मी नव्या टायमावर लावून घेतलं होतं. पोस्टात जाऊन."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मीच होतो ना गच्चीवर?"

त्याच्या पाठीचा श्वास मला जाणवत होता. मग तो उठला, आपल्या कागदांवर तिरपी रेघ मारली आणि म्हणाला, "बरं. मी पुन्यांदा करतो." पुढचे सहा दिवस त्यानं मळणी सांभाळून सगळं गणित नव्यानं केलं. दुसऱ्यांदा आम्ही पाठीला पाठ लावून बसलो तेव्हा शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं जुळलं. पहिल्या न जुळण्याबद्दल सरांना कुणीच लिहून दिलं नाही. इतकं सुरेख जुळलेलं गणित पुढं उभ्या जन्मात माझ्या हातून झालं नाही.

मळणी संपली. धान्य घरात गेलं आणि तिवडा उपटायचा दिवस आला. मावशीनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी पिशवी खांद्याला लावून निघायच्या बेतात होतो. सखाराम दोन्ही हातांनी तिवडा धरून उभा होता, उपटत मात्र नव्हता. मला म्हणाला, "वामन, सांगायचं काय ऱ्हायलं का?"

मी म्हणालो, "नाही. निघतो आता."

चैत्रात सरांनी आमच्या गणिताच्या जागी दुर्बीण लावली. आठ संध्याकाळी लावली. आकाश कोरडं, निरभ्र, ढगावर ढकलायची सोय नव्हती. तिथं काहीच नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, कुठं चुकलं असेल असं वाटतं? मी खाली बघत राहिलो. सखाराम म्हणाला, "सर, तिसऱ्या वेधाच्या वेळेबद्दल मला शंका आली होती. तपासणाऱ्यानं शंका सोडायची नसते. मी सोडली. चूक माझी." मोठ्या माणसांपुढं तो असं जपून, पुस्तकी बोलायचा. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि मला वाचवणारा होता. सर माझ्याकडं बघत होते, की मला काही म्हणायचंय का. मला काही म्हणायचं नव्हतं.

पत्र मला मिळालं.

दक्षिणेत पहिली काही वर्षं मी झपाटल्यासारखं काम केलं. लोकांना ती हुशारी वाटली. ती नुसती तगमग होती. लढाई संपली, परदेशी कोष्टकं पुन्हा यायला लागली, आणि एका दुपारी आमचा तो जुना दगड त्यांत मला सापडला. त्याच संध्याकाळी मी ट्रंक उघडली. लढाईत कागदाचा दुष्काळ होता, पाठकोऱ्या कागदालाही मोल होतं. सखारामनं रेघ मारलेले कागद टाकून दिले नव्हते, मला दिले होते आणि त्यांच्या मागच्या बाजूवर मी माझं गणित सुवाच्य उतरून काढलं होतं. माझी बाजू पालथी घालून मी त्याची बाजू तपासली. त्याच्या गणिताप्रमाणं दुर्बीण लावली असती, तर पहिल्याच संध्याकाळी तो ठिपका सरांना दिसला असता.

मी त्याला लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, करता करता मला बढती मिळाली. मग लिहिणं आणखी अवघड झालं. हाताखालची माणसं माझी थट्टा करत, की साहेब जेवायला बसले तरी विचारतात, ही वेळ कुठली, स्थानिक का प्रमाण? तीन तीनदा विचारायचो. ती माझी शिस्त म्हणून नावाजली गेली. चोर जसा रोज कुलूप ओढून बघतो, त्यातलीच ती गत. आधी बोटांनी, मग हातानं फिरवायच्या यंत्रावर, मग संगणकावर, साधनं बदलत गेली. गुरूच्या ओढीनं कुठला दगड किती ढळेल ते मी आठ दशांश स्थळांपर्यंत सांगत असे. आणि नेवाशाजवळच्या एका गावाला पंधरा पैशांचं कार्ड टाकायला माझा हात जागचा ढळत नसे.

गेल्या माघात मात्र एकदा चपला घातल्या आणि जिना परत चढलो नाही. सरळ स्टँडवर गेलो. खिशात सखारामनं रेघ मारलेल्या कागदांतला शेवटचा कागद होता.

गाव ओळखू येईना. कालव्याचं पाणी आलंय, चहूकडं ऊस. सखाराम जन्मभर तालुक्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. घराजवळच्या पट्टीत हट्टानं ज्वारी करतो. मला बघून त्याला आनंद झाला, खरा आनंद, त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चष्मा लावला, स्वतःचं अक्षर ओळखलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर बोट ठेवून एक बेरीज तपासली. "बराबर हाय," म्हणाला.

मग मी सांगितलं. घड्याळ, खाणावळ, बंद दार. गंजीच्या सावलीत मला सगळं आठवत होतं आणि मी खोटं बोललो, हे शब्द जसेच्या तसे उच्चारले. म्हणायला फार वेळ लागला नाही. मिनिटभर असेल.

सखारामनं चष्मा काढला. "मला तवाच ठावं हुतं," म्हणाला. "आरं, नानांच्या घड्याळाच्या काट्याला हात लावायची तुजी छाती हुती का?"

मी विचारलं, मग रेघ का मारलीस? सहा दिवस परत का केलंस?

"तुला सवड दिली," तो म्हणाला. "म्हनलं, सांगंल. दोन दिसांत सांगंल, चार दिसांत सांगंल. खळं हाय तवर सांगंल. मला बी जायाचं हुतं, वामन. लई जायाचं हुतं. पन तुज्या तोंडून कळाया पायजे हुतं, माज्या न्हाई." तो कागदाची घडी घालत होता, जुन्याच घडीवर, जपून. "तिवडा उपटताना तुला इचारलं बी. मग म्हनलं, ऱ्हायलं."

आतून त्याच्या सुनेनं चहा आणला. चहा पिताना तो मुलांविषयी, नातवंडांविषयी, उसाच्या पाण्याविषयी बोलला. निघताना मी कागदाकडं बघितलं. चाळीसपन्नास वर्षं तो माझ्याबरोबर गावोगाव फिरला होता. सखारामनं घडी आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"ह्यो माज्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाला. "मागली बाजू तुजी हाय, ठावं हाय मला. पन ती येगळी कशी काडनार?"

मला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की माघ सुटेल. यंदाही लागला आहे. सकाळपासून दोनदा जिना उतरून आलो. खाली कडब्याचा टेम्पो उभा आहे, ड्रायव्हर दोर आवळतोय आणि मला सारखा सखाराम दिसतो आहे, वीस वर्षांचा, दोन्ही हातांनी तिवडा धरून माझ्याकडं बघत उभा असलेला. बैल सोडलेले आहेत, खळं झाडून झालं आहे. तो उपटत नाही. मी पिशवी खांद्याला लावून, निघतो म्हणतो.